हुगळीकाठचा नावचित्रकार

अठराव्या शतकाच्या अखेरीस नशीब काढायला कलकत्त्यात उतरणाऱ्या युरोपीय चित्रकारापुढे साधारण दोन वाटा असत. पहिली व्यक्तिचित्रांची. कंपनीचे साहेब, त्यांच्या मडमा आणि जमल्यास एखादा नबाब यांना समोर बसवायचे आणि माणशी मोबदला घ्यायचा. योहान झोफनीने १७८३ ते १७८९ या काळात हे केले आणि चांगली माया गाठीला बांधून तो परतला. दुसरी वाट निसर्गदृश्यांची. पडकी देवळे, वडाच्या पारंब्या, घाटाच्या पायऱ्या आणि सगळ्यावर संध्याकाळचे सोनेरी ऊन. विल्यम हॉजेस या वाटेने गेला. थॉमस आणि विल्यम डॅनियल या काका-पुतण्यांनी तर तिचा राजरस्ता केला. बाल्थाझार सॉल्विन्स नावाचा एक फ्लेमिश चित्रकार १७९१ साली कलकत्त्यात आला आणि या दोन्ही वाटा सोडून बारा वर्षे तिथे राहिला. त्याने तिथली माणसे काढली, वाद्ये काढली, सण काढले, हुक्के काढले. त्यात त्याच्या हाताला खरी चव होती ती हुगळीच्या काठाला लागलेल्या नावांच्या चित्रांत. बंगालच्या नद्यांवरची ही नावांची दुनिया आज जवळजवळ संपली आहे. ती कशी होती हे सांगणारा चित्ररूप पुरावा म्हणून ज्याच्याकडे पुन्हा पुन्हा जावे लागते असा हा माणूस मराठीत जवळपास अनोळखी आहे.

मी इतिहासाचा पदवीधर नव्हे. माझे शिक्षण वाणिज्य शाखेचे, आणि आयुष्य गेले ते कोकणातल्या एका खाडीकाठच्या गावात हिशेब लिहिण्यात. खाडीतून कौले, लाकूड आणि वाळू नेणारे लाकडी पडाव मी लहानपणी पाहिले होते. ते एकेक करून चिखलात रुतले, त्यांच्या फळ्या लोकांनी चुलीत घातल्या, आणि पाहता पाहता त्यांचा आकार कसा होता हे सांगायलाही माणूस उरेना. हे पडाव कसे बांधत असत ते शोधता शोधता मी इतर नद्यांवरच्या नावांकडे वळलो. वीसेक वर्षांपूर्वी एका मित्राने रॉबर्ट हार्डग्रेव्ह यांचे ‘बोट्स ऑफ बेंगॉल’ हे २००१ साली दिल्लीत निघालेले पुस्तक पाठवले. हार्डग्रेव्ह हे मूळचे राज्यशास्त्राचे अभ्यासक, तामिळनाडूतल्या नाडर समाजावरच्या ग्रंथामुळे माहीत असलेले. पण सॉल्विन्सच्या मागे ते अशा चिकाटीने लागले की आज त्याच्याबद्दल काही लिहायचे तर त्यांच्या खांद्यावर उभे राहूनच लिहावे लागते. माझेही तसेच आहे. मात्र काही निष्कर्ष माझे स्वतःचे आहेत आणि ते मी पुढे मांडणार आहे.

सॉल्विन्सचा जन्म १७६० साली अँटवर्पचा. हे शहर शेल्ट नदीच्या काठावरचे, समुद्रापासून बरेच आत असलेले बंदर. कलकत्तासुद्धा तसेच. हा योगायोग मला महत्त्वाचा वाटतो, कारण भरतीच्या पाण्यावर वरखाली होणारी गढूळ नदी आणि तिच्या काठाला लागलेली दाटीवाटीची जहाजे हे दृश्य त्याला उपजत ओळखीचे होते. तो जहाजांची आणि बंदरांची चित्रे काढायला शिकला. ऑस्टेंड बंदराची त्याची चित्रे तिकडे नावाजली गेली होती. मायदेशी राजकीय उलथापालथ झाली, आश्रयदाते दूर गेले, तेव्हा तो ‘एट्रुस्को’ नावाच्या जहाजावर चढला आणि कंपनीचा परवाना नसतानाच बंगालमध्ये दाखल झाला.

परवाना नसलेल्या, इंग्रज नसलेल्या चित्रकाराला कलकत्त्याच्या गोऱ्या समाजात मान कुठून मिळणार? त्याने मिळेल ते काम केले. समारंभांसाठी सजावट, जुन्या तसबिरींची डागडुजी, हौशी लोकांना चित्रकलेची शिकवणी, आणि घोडागाड्या व पालख्या रंगवणे. मधूनमधून एखाद्या जहाजाचे तैलचित्र. याच काळात १७८४ साली स्थापन झालेल्या एशियाटिक सोसायटीमुळे शहरात ‘हिंदूंबद्दल सारे काही जाणून घ्यावे’ अशी हवा होती. त्या हवेत त्याने १७९४ साली आपला बेत जाहीर केला : हिंदूंचे आचार, रीतिरिवाज आणि पोशाख दाखवणारी अडीचशे रंगीत एचिंग्ज. एचिंग म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा थर चढवून त्यावर सुईने रेघा ओढायच्या, मग पत्रा तेजाबात बुडवायचा. मेण खरवडलेल्या जागी तेजाब तांबे खाते, त्या चरांत शाई भरून कागदावर ठसे काढतात, आणि शेवटी प्रत्येक ठशावर हाताने रंग भरतात. रेखाटन आणि कोरणे, दोन्ही कामे सॉल्विन्सने स्वतः केली. थोड्या प्रती १७९६ साली निघाल्या, जास्त संख्येने त्या १७९९ साली आल्या. (मराठी वाचकाला एक गंमत सांगायला हरकत नाही. नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्यांच्या धास्तीने १७४२ साली कलकत्तेकरांनी खणलेला ‘मराठा खंदक’ बऱ्याच लांबीत बुजवून त्यावर सर्क्युलर रोड केला, तोही याच १७९९ साली.)

संग्रहाचे बारा भाग होते. त्यात वाहनांमध्ये गाड्या आणि पालख्यांबरोबर नावा येतात. पान उलटत गेले की पहिल्यांदा लक्षात येते ती मांडणी. प्रत्येक चित्रात एक नाव, बहुधा आडवी, पानभर. क्षितिज खाली. मागे लांबवर लहान आकारात दुसऱ्या नावा. नावेवर माणसे आपापल्या कामात. आणि खाली त्या जातीच्या नावेचे बंगालीत चालणारे नाव, सॉल्विन्सच्या कानाला ऐकू आले तसे. मराठीत ‘ती नाव’ आणि ‘ते नाव’ यांत लिंगाचाच फरक. सॉल्विन्सने ही दोन्ही एका कागदावर आणली, आणि संशोधकाच्या दृष्टीने खरी किंमत या जोडीला आहे. नुसते चित्र असते तर ‘कुठलीतरी होडी’ एवढेच कळले असते, आणि नुसता शब्द असता तर कोशातल्या एका ओळीपलीकडे काही नाही.

ही रीत त्याने कलकत्त्यात शोधून काढली असे काहींच्या लेखनावरून वाटते. मला ते पटत नाही. डच आणि फ्लेमिश मुलखात जहाजांची अशी ‘व्यक्तिचित्रे’ काढण्याची परंपरा जुनी आहे. सतराव्या शतकाच्या मध्यात रेनिअर नोम्स या खलाशी-चित्रकाराने ॲम्स्टरडॅमच्या जहाजांची जातवार एचिंग्ज केली होती. सॉल्विन्स युरोप सोडायच्या सुमारास, १७८९ साली, रॉटरडॅमला गेरिट ग्रुनेवेगेनने ८४ डच जहाजांचा संच काढला. त्यातही एका पानावर एक जहाज, बाजूने पाहिलेले, कोण कसले ते स्पष्ट कळेल असे. म्हणजे सॉल्विन्सने आपल्या बंदरातली शिस्त परक्या बंदरात लावली. पण एखाद्या युरोपीय चित्रकाराने बंगाली मजुरांच्या मालवाहू नावेला ॲम्स्टरडॅमच्या जहाजाइतकेच लक्ष देऊन पाहावे, हे त्या काळच्या कलकत्त्यात निश्चितच नवे होते.

आता प्रत्यक्ष नावांकडे येऊ. साहेबांच्या प्रवासाची नाव म्हणजे बजरा. लांब, जड, खाली कणा नसलेली. मागच्या मोठ्या भागात झडपांच्या खिडक्यांची खोली, पुढे वल्हेकरी, आणि मागे उंचावर सुकाणूचे मोठे वल्हे धरून उभा असलेला मांझी. या बजऱ्याच्या मागून सामान आणि स्वयंपाक घेऊन येणारी हलकी नाव पलवार. मोरपंखी ही श्रीमंतांची हौस : लांब, निमुळती, नाळेला मोराचा आकार. तिचीच बहीण फीलचेहरा, म्हणजे हत्तीच्या तोंडाची. फारसीत ‘फील’ म्हणजे हत्ती. ताडाचे खोड पोखरून केलेला डोंगा हा सगळ्यांत गरीब, आणि सगळ्यांत जुनाही. डिंगी तर इंग्रजीने उचलली आणि जगभर नेली. आज कुठल्याही आरमारातली छोटी होडी ‘डिंघी’ असते, ती बंगालच्या नदीवरून गेलेली. समुद्रात जाणाऱ्यांत त्याने गुराबही काढली आहे. आंग्र्यांच्या आरमारामुळे हा शब्द आपल्या कानाला सरावलेला आहे.

मला स्वतःला सर्वांत जास्त वेळ थांबवतो तो पटेला. सपाट बुडाची, अवाढव्य, वर गवती छप्पर असलेली ही मालवाहू नाव बिहारातून खाली येई. सॉल्विन्सच्या सव्वाशे वर्षे आधी टॉमस बाउरी नावाच्या इंग्रज खलाशाने पाटण्याहून हुगळीला सोरा घेऊन येणाऱ्या पटेल्यांचे वर्णन केले होते आणि आपल्या वहीत पटेला, उलाख, बजरा यांची चित्रेही काढली होती. ती चित्रे खलाशाने काढावीत तशी आहेत, प्रामाणिक पण ठोकळ. सॉल्विन्सचा पटेला त्यांच्याशेजारी ठेवला की प्रशिक्षित डोळा म्हणजे काय ते समजते. पटेल्याच्या बाजूच्या फळ्या कडेला कड न भिडवता एकीवर एक चढवलेल्या असतात, कौलांसारख्या. उलाख मात्र बंगालची. तिच्या फळ्या कडेला कड लावून, लोखंडी पकडींनी जोडलेल्या, म्हणून तिचे अंग गुळगुळीत. हा फरक सॉल्विन्सच्या सुईने सोडलेला नाही.

एवढे त्यात काय, असे कुणी म्हणेल. नावांचा अभ्यास करणाऱ्यांसाठी फळ्यांची जोडणी ही भाषेच्या व्याकरणासारखी असते. माल, शीड, छप्पर बदलते पण जोडणीची पद्धत बापाकडून मुलाकडे पिढ्यान् पिढ्या जाते. युरोपात मोठी जहाजे बांधताना आधी बरगड्यांचा सांगाडा उभा करत आणि मग त्यावर फळ्या ठोकत. बंगालमध्ये उलटे : आधी फळ्यांचे कवच तयार करायचे, आकार सुताराच्या नजरेत, आणि बरगड्या मागाहून आत बसवायच्या. बॅसिल ग्रीनहिल या ब्रिटिश अभ्यासकाने त्या वेळच्या पूर्व पाकिस्तानात हे प्रत्यक्ष पाहून लिहिले. त्याचे पुस्तक १९७१ साली निघाले. पुढे शॉन मॅकग्रेल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी बांगलादेशात आणि ओडिशाच्या किनाऱ्यावर अशा नावा मोजल्या, ज्यांत वरच्या फळीची कड खालच्या फळीच्या आतल्या बाजूला येते, म्हणजे युरोपच्या नेहमीच्या रीतीच्या नेमकी उलट. मध्ययुगीन युरोपातल्या ‘हल्क’ नावाच्या एका जहाजाचे कोडे सोडवण्यासाठीही तिकडच्या पंडितांनी या बंगाली नावांकडे पाहिले. लाकडी नाव चिखलात फार टिकत नाही. त्यामुळे दोनशे वर्षांपूर्वी काय होते हे विचारायचे तर चित्राला विचारावे लागते, आणि त्या चित्रकाराने फळीची रेघ मनाने ओढली की पाहून, यावर उत्तर अवलंबून राहते.

डॅनियलांशी तुलना इथे टाळता येत नाही. त्यांची कलकत्त्याची बारा दृश्ये १७८६ ते १७८८ मध्ये निघाली, आणि नंतर लंडनमधून १४४ चित्रांचा ‘ओरिएंटल सीनरी’ हा संग्रह. देखणे काम आहे, माझ्या घरात त्यातल्या एका चित्राची छापील प्रत टांगलेली आहे. पण त्या चित्रांतली नाव ही पाण्याचा मोकळा कोपरा भरायला आलेली असते. तिची वल्ही मोजत बसू नये. सॉल्विन्सची मोजावीत.

मात्र हीच शिस्त त्याने माणसांना लावली, आणि तिथे माझे त्याच्याशी भांडण आहे. संग्रहाचा पहिला भाग ६६ चित्रांचा, ‘हिंदू जाती आणि त्यांचे व्यवसाय’. एका पानावर एक माणूस, हातात धंद्याचे हत्यार, खाली जातीचे नाव, आणि सगळे उच्च-नीचतेच्या उतरंडीने लावलेले. पटेला आणि उलाख यांचे वर्ग पाडणे योग्यच आहे. नावेची जात सुताराच्या हातात असते. माणूस असा जातीचा नमुना म्हणून उभा केला की त्याचा चेहरा पुसला जातो. पुढे एकोणिसाव्या शतकात सरकारी छायाचित्रसंग्रहांनी आणि जनगणनेने हेच प्रचंड प्रमाणावर केले. सॉल्विन्सवर त्या सगळ्याचे पाप घालणे अन्यायाचे होईल. कष्टकरी माणसाला पानभर जागा देणाराही त्या शहरात तोच होता. तरी मला असे दिसते की त्याची माणसे ताठ उभी आहेत आणि नावांवरची माणसे जिवंत आहेत. वल्ह्यावर ओणवलेले दांडी, छपरावर तोल सांभाळणारा मांझी हे कुणाचे नमुने नाहीत, ते कामात आहेत. प्रवाहाविरुद्ध जाताना हेच लोक काठावर उतरून दोराने नाव ओढत. त्या दोराला बंगालीत ‘गुण’ म्हणतात. संस्कृतात गुण म्हणजे दोरी, हे आपण धनुष्याच्या संदर्भात शिकतो आणि विसरतो; बंगालच्या नदीकाठी तो शब्द खांद्यावर वळ उठवत राहिला.

हे लोक किती होते? कंपनीचा सर्व्हेयर जेम्स रेनेल याने १७८१ साली लिहिले की बंगालमधल्या नदीवाहतुकीवर तीस हजार नावाडी कायमचे पोसले जातात, आणि एक कोटी लोकांचे सगळे मीठ व अन्नाचा मोठा हिस्सा पाण्यावरून जातो. सॉल्विन्सच्या चित्रांना ही पार्श्वभूमी लावून पाहायला हवे. तो एका देशाचे चालू दळणवळण काढत होता.

धंदा म्हणून हा उद्योग बुडाला. एचिंग्ज ओबडधोबड, रंग उदास, आणि ‘देखणा हिंदुस्थान’ मागणाऱ्या गिऱ्हाइकाला त्यात काही मिळेना. १८०३ साली सॉल्विन्सने हिंदुस्थान सोडला. लगेच पुढच्या वर्षापासून लंडनच्या एडवर्ड ऑर्मने त्याच्या परवानगीशिवाय साठ चित्रे निवडून, गोड करून, तजेलदार रंगांत ‘द कॉस्च्यूम ऑफ इंडोस्तान’ या नावाने बाजारात आणली. ती खपली. आजही पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर ‘सॉल्विन्स’ म्हणून अनेकदा ऑर्मची चित्रे छापतात. अभ्यासकाने ती पुरावा म्हणून वापरू नयेत असे माझे स्पष्ट मत आहे. ऑर्मच्या कोरणाऱ्यांनी ना हुगळी पाहिली होती ना ती माणसे, आणि चित्र सुधारताना पहिली सुधारते ती गैरसोयीची रेघ.

सॉल्विन्सने हार मानली नाही. पॅरिसमध्ये त्याने सर्व पत्रे नव्याने कोरले आणि १८०८ ते १८१२ या काळात ‘ले ऑँदू’ या नावाने चार भव्य खंड काढले. २८८ चित्रे, फ्रेंच आणि इंग्रजी मजकूर. पत्नीचा पैसा त्यात गेला. युरोपभर नेपोलियनची युद्धे चालू असताना हिंदूंवरचे महागडे ग्रंथ घेणार कोण? हाही संच पडून राहिला. नेदरलँड्सचे नवे राज्य झाल्यावर राजा पहिला विल्यम याने त्याला अँटवर्प बंदराचा कप्तान नेमले, आणि त्याच पदावर असताना १८२४ साली तो वारला.

त्याच्या मृत्यूच्या आदल्या वर्षी खिदिरपूरच्या गोदीतून ‘डायाना’ ही आगबोट हुगळीत उतरली होती. १८३४ पासून गंगेवर अलाहाबादपर्यंत आगबोटी नियमित चालू लागल्या, १८५४ साली हावडा ते हुगळी रेल्वे सुरू झाली. साहेब बजऱ्यातून उतरला, सोरा आणि कापूस पटेल्यातून उतरले. तरी खालच्या बंगालमध्ये, जिथे रूळ टाकायला कोरडी जमीनच कमी, तिथे नावा टिकून होत्या. मोठा घाव बसला १९४२ साली. जपानी सैन्य बंगालमध्ये उतरले तर त्याच्या हाती वाहने लागू नयेत म्हणून सरकारने किनाऱ्याजवळच्या जिल्ह्यांत दहापेक्षा जास्त माणसे नेऊ शकणाऱ्या नावा नोंदवून ताब्यात घेतल्या, हलवल्या किंवा मोडल्या. सुमारे ४५ हजार नावा अशा गेल्या. कोळ्यांची मासेमारी थांबली, नदीतल्या बेटांवरच्या शेतापर्यंत जाणे थांबले, भात बाजारापर्यंत येईना. दुसऱ्या वर्षीच्या दुष्काळाची कारणे अनेक आहेत, पण त्यांत हे एक कारण सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगापुढेही आले. बंगालच्या नावांची इतकी काटेकोर नोंद सॉल्विन्सनंतर बहुधा याच वेळी झाली असावी. त्या नोंदीत नावेची माणसे नेण्याची क्षमता होती. फळ्या कशा जोडल्या आहेत हे विचारायचे कुणाला कारण नव्हते.

नंतर फाळणी आली, १९७५ साली फराक्का धरण आले, आणि मग डिझेलचे इंजिन. कलकत्त्यात कांकुरगाछीच्या आंबेडकर भवनात आता बंगालच्या नावांचे लाकडी नमुने मांडले आहेत. २०२२ साली हावडा जिल्ह्यात रूपनारायण नदीच्या काठी ‘छोट’ जातीची एक नाव मुद्दाम बांधून घेण्यात आली. त्या जातीची नाव बांधता येणारा म्हातारा सुतार आणि त्याची मुले काम करत होती, आणि संशोधक पहिल्या फळीपासून शेवटच्या खिळ्यापर्यंत चित्रीकरण करत होते. कागदावर आराखडा नव्हता. आकार त्या सुताराच्या नजरेत होता.

आमच्या खाडीत शेवटचा पडाव बांधणारे मिस्त्री आता ऐंशीच्या पुढे आहेत. गेल्या मे महिन्यात मी सॉल्विन्सच्या पटेल्याची छापील प्रत त्यांच्याकडे घेऊन गेलो. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिले, मग बोट फळीच्या कडेवर ठेवून म्हणाले, “हे आमचं काम नाय. पण करणाऱ्याला येत होतं.” मग त्यांनी घरातून खडू मागवला आणि ओटीच्या शेणाच्या जमिनीवर पडावाची नाळ काढायला बसले. मी मापे लिहून घेतली आहेत. पावसाळ्यानंतर दोनदा जाऊन आलो, नाळ आणि बूड झाले आहे, मागची बाजू अजून व्हायची आहे.